शिरोरेघ शेवटी

वाचकांचे प्रश्न आणि कारखान्यातून उत्तरं

मागच्या अंकात दारावरच्या पितळी पाट्यांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : एका रेघेचं अक्षर राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या कोरायच्या मशिनवर, कसं कोरायचं. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला आहे.

ताई, नमस्कार. विट्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. दिवाळीत दोन बाय तीन फुटांचा राउटर घेतला, पितळी पाट्या कराव्यात म्हणून. कॉम्प्युटरवर नाव टाईप करून मशिनला दिलं की प्रत्येक अक्षर दुहेरी रेघेचं, पोकळ येतं. इंग्रजीसाठी एका रेघेचा फॉन्ट सापडला. मराठीसाठी का सापडत नाही?

दादा, तुमचं मशिन ठीक आहे आणि फाइलही ठीक आहे. फॉन्टमध्ये अक्षर नसतं, अक्षराची कड असते. आत रंग भरायला आखलेली हद्द म्हणा. छपाईला आणि स्क्रीनला हद्दच लागते, कारण त्यांना आत शाई भरायची असते. आपलं बिट, म्हणजे मशिनचं कापणारं टोक, काही भरत नाही, दिलेल्या रेघेवरून चालतं. हद्द दिली तर हद्दीवरून चालतं.

इंग्रजीची ही अडचण फार पूर्वी सुटली. १९६७ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डालग्रेन इथल्या नौदलाच्या प्रयोगशाळेत डॉ. ॲलन हर्शी यांनी नुसत्या रेघांची अक्षरं तयार केली. रोमन, ग्रीक, रशियन, अगदी जपानीसुद्धा. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हर्शी टेक्स्ट’ दिसतं, ते नाव त्यांचंच. देवनागरी त्यांत नव्हती. आणि आपल्या लिपीला सुटी अक्षरं करून भागतही नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे जाते, रफार पुढच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरात अर्धं अक्षर दुसऱ्याच्या पोटात शिरतं. म्हणून तयार फॉन्ट शोधण्यात आठवडे घालवू नका. पाटीवर आठ-दहा अक्षरं असतात. ती हाताने रेखा.

इंकस्केपमध्ये ‘सेंटरलाइन ट्रेसिंग’ आहे. जाड अक्षराच्या मधोमध रेघ काढून देतं. मी ते कित्येकदा वापरून पाहिलं आणि सोडून दिलं. जिथे उभा दंड शिरोरेघेला भेटतो तिथे मधली रेघ ओढली जाते, शिरोरेघेला खाली बाक येतो. इंग्रजीत असे सांधे थोडे असतात. मराठीत जवळपास प्रत्येक अक्षराला एक, कान्याला आणखी एक. सगळी शिरोरेघ दोरीवर ओले कपडे वाळत घातल्यासारखी दिसते. ती सरळ करत बसण्यापेक्षा नव्याने काढणं लवकर होतं.

माझी पद्धत अशी. इंकस्केपमध्ये नाव साध्या युनिकोड फॉन्टमध्ये टाईप करायचं, फिकट करायचं (ओपॅसिटी वीस टक्के) आणि तो लेयर लॉक करायचा. वर दुसरा लेयर घेऊन पेनने अक्षराच्या मधून रेघ काढायची. हात जसा लिहितो, तशीच.

हे मी कॉम्प्युटरवर शिकले नाही. माझे वडील नाशिकच्या भांडीबाजारात भांड्यांवर नावं घालायचे. आधी छिन्नी-हातोडीने टिंबाला टिंब जोडून, नंतर विजेच्या थरथरत्या पेनने. ‘आत्याकडून सप्रेम भेट’ आणि खाली तारीख, हे त्यांनी किती पातेल्यांवर लिहिलं असेल याची गणती नाही. पातेलं मांडीवर उलटं धरायचे, सगळी अक्षरं शिरोरेघेविना लिहून काढायचे आणि मग पातेलं हळूहळू फिरवत एका दमात वरची रेघ ओढायचे. लहानपणी ती शेवटची रेघ पाहायला मी शेजारी बसून राहायची. रेघ पडेपर्यंत ते नाव वाचताच यायचं नाही, आणि पडली की एकदम वाचता यायचं.

राउटरवरही हाच क्रम ठेवा. ‘आशीर्वाद’ घ्या. आधी आ ची दोन पोटं, मधला दुवा, दंड, काना. मग श, त्याची वेलांटी. मग व चं पोट, दंड, काना आणि त्या कान्यावर रफार. रफार काढायचा तो कान्यावर, व वर नाही. मग द. आणि सगळ्यांत शेवटी शिरोरेघ, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक दंड शिरोरेघेवरूनच खाली सुरू करा. बिट खाली उतरतं तिथे एक बारीक गोल डाग पडतो आणि बाजूला थोडी बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, उठते. शिरोरेघ शेवटी त्या सगळ्या डागांवरून जाते आणि ते पुसून टाकते.

पण शिरोरेघ नेहमी अखंड नसते, आणि इथे मी एकदा मोठी चूक केली. ध आणि भ यांच्या डाव्या भागावर शिरोरेघ नसते. थ वरही नसते. शाळेत आपण हे शिकतो आणि विसरतो. मी ‘प्रभा’ नावाची पाटी केली आणि सवयीने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. भ ची वरची बारीक गाठ त्या रेघेत मिसळली आणि पाटी झाली ‘प्रमा’. त्या बाईंनी पाटी हातात घेतली, काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट त्या अक्षरावर ठेवलं. सासूबाईंच्या नावाची पाटी होती. तेव्हापासून ध, भ, थ असलेल्या शब्दाची शिरोरेघ मी तोडून काढते आणि तुकड्याचं टोक गाठीपासून निदान रेघेच्या दीडपट जाडीइतकं लांब ठेवते. ध चा घ होतो तोही असाच.

आणखी एक. हाताने रेखताय तर ल पाकळीचाच काढा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात तेच रूप धरलं आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. खालचा फॉन्ट जागा आणि माप दाखवायला आहे, त्याच्यावरून डोळे मिटून गिरवायचं नाही.

अनुस्वाराचं काय? एका रेघेत टिंबाला लांबीच नसते. पुष्कळ सॉफ्टवेअर शून्य लांबीची रेघ टाकूनच देतात आणि ‘मंगल’चं ‘मगल’ होतं. त्या जागी एक बिंदू ठेवा आणि त्याला वेगळा ड्रिलचा टूलपाथ (बिटने चालायचा मार्ग) द्या. व्ही-बिट (टोकाला निमुळतं, व्ही आकाराचं बिट) जितकं खोल जाईल तितकं टिंब मोठं. ९० अंशांच्या बिटने एक मि.मी.चं टिंब हवं तर अर्धा मि.मी. खोल. रेघेपेक्षा टिंब थोडं भरीव असावं, नाहीतर दारातून दिसत नाही.

टूलपाथच्या सेटिंगमध्ये सांगण्यासारखं थोडंच आहे. रेघेच्या आत किंवा बाहेर नाही, रेघेवरून चालवायचं, आणि बिटच्या जाडीची भरपाई बंद. फाइलमध्ये एकावर एक दोन रेघा नाहीत ना ते पाहा. कॉपी-पेस्टमध्ये होतं हे, आणि मशिन तीच रेघ दोनदा कापतं. प्रत्येक स्ट्रोकला बिट पाच मि.मी. वर उचलण्याची गरज नाही, एक मि.मी. पुरतं. क्लॅम्पवरून जायचं असेल तेवढ्याच वेळी जास्त. आणि फाइलमध्ये कोपऱ्यात शंभर मि.मी.ची एक रेघ काढून ठेवा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर ती मोजा. माप बदललं असेल तर पितळ वाया जाण्याआधी कळेल.

इचलकरंजीहून विचारतो. पाटीच्या डावीकडे शिरोरेघ छान जाड येते, उजवीकडे जाता जाता केसासारखी होते. खोली तर सगळीकडे ०.३ मि.मी.च दिली आहे. मशिनवाला म्हणतो, बिट बदला.

बिटने फरक पडेल, पण दुखणं पाटीच्या सपाटीत आहे.

व्ही-बिटची रेघ किती जाड येणार हे खोलीवर ठरतं. ९० अंशांचं बिट ०.३ खोल गेलं तर रेघ ०.६ मि.मी. जाड. आता पाटीचं उजवं टोक ०.२ नी खाली असेल, तर तिथे बिट ०.१ च खोल जातं आणि रेघ ०.२ वर येते. तिसरा हिस्सा! डोळ्याला पाटीची ती उतरण मुळीच दिसत नाही, पण रेघेत लगेच दिसते. अक्षरांत हा फरक खपून जातो, कारण वळणं असतात. शिरोरेघ सलग आणि सरळ, ती काही लपवू देत नाही. म्हणून मी नवीन सेटिंग नेहमी शिरोरेघेवर तपासते.

मशिनवाल्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. निमुळतं बिट ही चूक कमी दाखवतं. एक दशांश मि.मी.च्या चढउतारात ९० अंशांच्या बिटची रेघ ०.२ नी बदलते, ६० अंशांची साधारण ०.१२ नी आणि ३० अंशांची ०.०५ नी. मी पाट्यांना ३० अंशांचं, टोकाला ०.२ मि.मी. सपाट असलेलं बिट वापरते. ०.३ खोलीला रेघ ०.३६ येते आणि काळं एनॅमल धरायला ती पुरते. ०.३ च्या वर, म्हणजे उथळ, मी जात नाही. पॉलिश करताना रंग निघून येतो.

पण आधी सपाटी. शिअरवर (पत्रा कापायच्या मशिनवर) कापलेली पट्टी कडेला वाकलेली असते. पट्टी काचेवर ठेवून कोपरे बोटाने दाबून पाहा, टकटक आवाज येतो का ते. दोन टोकांना क्लॅम्प लावू नका, मध्ये फुगते. बेडवर एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) टाका आणि तो त्याच मशिनवर, त्याच स्पिंडलने (बिट फिरवणाऱ्या मोटरने) प्लेन करून घ्या, म्हणजे निदान खालची बाजू मशिनच्या हालचालीला समांतर होईल. मग एमडीएफला मास्किंग टेप, पाटीच्या पाठीला मास्किंग टेप आणि दोन टेपांच्या मध्ये सुपर ग्लू. पाटी सबंध अंगाने चिकटते, आणि काम झालं की टेप ओढून मोकळी.

पितळ विजेचं वाहक आहे, याचाही फायदा घ्या. तुमचा कंट्रोलर, म्हणजे मशिन चालवणारा बोर्ड, जीआरबीएलचा असेल तर त्याला प्रोबची (टेकवून उंची मोजायची) जागा असते. एक मगरचिमटा बिटला, एक पाटीला. ‘कँडल’ किंवा ‘बीसीएनसी’ सारखं सॉफ्टवेअर पाटीवर जागोजागी बिट टेकवून उंची मोजतं आणि त्याप्रमाणे खोली बदलत जातं. दीडशे मि.मी. पाटीवर मी वीस-वीस मि.मी. अंतरावर टेकवते. एक सांभाळा : बाजारातल्या तयार पट्टीवर लॅकर (चकचकीत पारदर्शक थर) असतं. त्यातून वीज जात नाही, बिट पाटीला लागल्याचं मशिनला कळतच नाही आणि ते खाली दाबत राहतं. आधी लॅकर काढा, आणि पहिल्या टेकवणीला हात इमर्जन्सी बटणावर ठेवा.

मी अमरावतीला आयटीआयमध्ये शिकते. आमच्या लहान राउटरवर फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला १५०० मि.मी. दिला तरी अक्षरं हळूच निघतात, आणि वेग वाढवण्यासाठी सरांनी काही बदललं की कोपरे गोल होतात. दोन्ही का?

छान प्रश्न आहे बाळ, आणि हिशोब करून पाहण्यासारखा आहे.

अक्षरातला एक तुकडा समज दोन मि.मी.चा आहे. मशिन थांबलेलं असतं, वेग घेतं आणि तुकडा संपताना पुन्हा थांबतं. अर्ध्या वाटेत वेग घेणं, अर्ध्या वाटेत सोडणं. मग मधला सर्वांत जास्त वेग म्हणजे त्वरण गुणिले लांबी याचं वर्गमूळ. जीआरबीएलमध्ये मुळात त्वरण १० मि.मी. प्रति सेकंद वर्ग असतं. दहा गुणिले दोन वीस, वर्गमूळ साधारण साडेचार, म्हणजे मिनिटाला २७० मि.मी. तू १५०० लिही नाहीतर ५००० लिही, त्या दोन मि.मी.त ते गाठलंच जात नाही. त्वरण ५० केलंस तर मिनिटाला ६०० मिळतात. म्हणून अक्षरांसाठी फीडचा आकडा वाढवण्यात अर्थ नाही. सरांच्या परवानगीने त्वरण थोडं थोडं वाढवून बघ (सेटिंग १२० आणि १२१). मोटर एखादं पाऊल चुकायला लागली की मागे ये.

कोपऱ्यांचं उत्तर कंट्रोलरवर अवलंबून आहे. माक-३ असेल तर तो ‘जी-६४’ या आज्ञेत वेग कायम ठेवायला कोपरा कापतो. ‘जी-६१’ दिलंस की कोपऱ्यावर थांबून वळतो. लिनक्स-सीएनसीमध्ये ‘जी-६४’ ला ‘पी’ लावून किती मि.मी. पर्यंत सूट ते सांगता येतं. अक्षरांना ०.०२ पुरे. जीआरबीएल मात्र आखलेला मार्ग सोडत नाही. तिथे कोपरे गोल येत असतील तर काहीतरी सैल आहे : बेल्ट, कपलिंग किंवा स्पिंडलची पकड.

सैलपणा तपासायला एक मराठी कसोटी सांगते. ‘ननन’ कोर, दंड वरून खाली आणि शिरोरेघ डावीकडून उजवीकडे. मग फाइल उलटी करून तेच शेजारी कोर, दंड खालून वर आणि शिरोरेघ उजवीकडून डावीकडे. पहिल्यात दंड रेघेला टेकले आणि दुसऱ्यात फट राहिली, किंवा वर टोकं बाहेर आली, तर ती फट म्हणजेच बॅकलॅश, दिशा बदलताना दिसणारा मशिनचा सैलपणा. भिंगाखाली मोजता येते.

लातूर. सीएएम सॉफ्टवेअरच्या (चित्रावरून मशिनचा मार्ग बनवणाऱ्या) टेक्स्टच्या चौकटीत ‘किर्ती’ लिहिलं तर वेलांटी क च्या उजवीकडे येते आणि रफार सुटा पडतो. जुन्या श्रीलिपीत मात्र बरोबर दिसतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे दिसतील त्या क्रमाने नोंदले जातात, म्हणून ते कुठेही बरोबर दिसतं. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर नोंदली जाते आणि दाखवताना जागा बदलायची जबाबदारी सॉफ्टवेअरवर असते. तुमच्या सीएएमला ते येत नाही. मराठी तिथे लिहूच नका. इंकस्केपमध्ये लिहा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा आणि पुढे न्या. आणि कोरण्याआधी गिऱ्हाइकाकडून नावाचं लेखन कागदावर लिहून घ्या. ‘कीर्ती’ला पहिली वेलांटी दीर्घ आहे. पण माणसाचं नाव ते जसं लिहितात तसंच कोरायचं.

मडगाव : अॅक्रिलिकवर रेघेच्या कडा वितळून दाणेदार होतात.

बहुधा तुमची शीट एक्स्ट्रुडेड (दाबून ढकलून काढलेली) आहे. कास्ट (ओतीव) मागून घ्या. एका धारेचं बिट लावा, स्पिंडलचा वेग उतरवा आणि फीड वाढवा.

आम्ही बडोद्यात चार पिढ्यांपासून आहोत. पणजोबांच्या हातची मोडीतली सही एका जुन्या कागदावर आहे. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून देवघराशेजारी लावायची आहे. इथला कारागीर म्हणतो, मोडीचा फॉन्ट नाही म्हणून होणार नाही.

मोडीचे फॉन्ट आहेत. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली. पण तुम्हाला फॉन्ट नकोच आहे. फॉन्टने पणजोबांचं नाव लिहिलं जाईल, सही नाही.

पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण एका रेघेच्या कामाला मोडीइतकी जवळची लिपी नाही. हात कमीत कमी उचलावा अशीच तिची घडण. आणि वडिलांच्या अगदी उलट रीत : मोडी लिहिणारे आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग अक्षरं त्या रेघेला टांगत जायचे. म्हणून सहीमागे रेघ सबंध दिसत असेल तर ती वेगळी रेघ म्हणून आधी काढा, सहीचा भाग समजून अक्षरांत जोडू नका.

कागद आधी. फिरत्या रोलरच्या स्कॅनरमध्ये घालू नका, सपाट काचेवर ठेवा किंवा वरून उजेड सारखा पाडून फोटो काढा. ट्रेसिंग पेपर ठेवून पेनने गिरवू नका, जुना कागद दाबाने चिरतो. सहाशे डीपीआयला स्कॅन करा आणि पुढचं सगळं त्या चित्रावर. आपोआप सेंटरलाइन इथेही वापरू नका. सहीत रेघ रेघेला छेदते तिथे एका फुलीच्या जागी दोन फाटे होतात आणि बोरू कुठून कुठे गेला ते हरवतं. बोटाने हवेत दहा वेळा सही गिरवा, हात कुठे वळतो ते कळलं की पेनने एकाच सलग रेघेत काढा.

आता एक गोष्ट या लेखातल्या बाकी सगळ्यापेक्षा वेगळी सांगते. बोरूच्या लिखाणात रेघ जाड-बारीक होते आणि ती जाडी म्हणजेच त्या बोरूचा कल आणि हाताचं वळण. एका रेघेत ती सगळी निघून जाईल. तुमच्या सहीत असा फरक स्पष्ट दिसत असेल तर तिथे मी एका रेघेचा हट्ट धरणार नाही. सहीची कड काढा आणि व्ही-कार्व्हिंगचा टूलपाथ द्या. त्यात बिट बारीक जागी वर येतं आणि जाड जागी खाली जातं. रेघ कुठे दीड मि.मी. जाड असेल तर ९० अंशांचं बिट तिथे पाऊण मि.मी. उतरेल, ६० अंशांचं १.३. म्हणून ९० चं घ्या आणि पत्रा दोन मि.मी.चा. सही सारख्याच जाडीची असेल तर मात्र एकच रेघ.

तांबं पितळेसारखं सुटसुटीत कापत नाही, चिकटतं. पितळ मी कोरडंच कापते. तांब्याला नवं बिट आणि थेंबभर कटिंग ऑइल. एका रेघेचीच सही असेल तर हिऱ्याचं स्प्रिंगवालं ओढणीचं टूल सर्वांत चांगलं. स्पिंडल बंद ठेवून ते नुसतं ओढायचं. तांब्यावर रेघ स्वच्छ येते, आणि पत्रा थोडा वरखाली असला तरी स्प्रिंग सांभाळून घेते. कारागिराला एवढं विचारा की त्याच्याकडे ते टूल आहे का.

तांब्याला हात लावण्याआधी एक नमुना अॅक्रिलिकवर काढून घ्या आणि मोडी वाचता येणाऱ्या कुणाकडून तो वाचवून घ्या. मूळ कागद दाखवू नका, फक्त नमुना दाखवा. त्यांनी पणजोबांचं नाव बरोबर वाचलं तर पत्रा मशिनवर चढवा.